आजोबांच्या टोपीवरचा स्तंभ

दापोडीच्या विहारात वंदना आटोपल्यावर एका आजींनी पिशवीतून सासऱ्यांचा फोटो काढला. "आमचं मामंजी पहिल्या महायुद्धातलं." घरात तसेच सांगत आले होते. आम्ही भिंग लावले, तर टोपीच्या बिल्ल्यावर भीमा-कोरेगावचा विजयस्तंभ!

पहिल्या महायुद्धात १९१७ ला उभी राहिलेली १११ वी महार पलटण १९२१ ला मोडली. स्तंभाचा बिल्ला १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला स्थापन झालेल्या महार रेजिमेंटचा. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली. मग बिल्ल्यावर स्तंभासोबत दोन मशीनगनी आल्या, पुढे स्तंभ जाऊन खंजीर आला. नुसता स्तंभ म्हणजे फोटो १९४१ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला.

आजी हिरमुसल्या. आम्ही म्हणालो, "आजी, या रेजिमेंटसाठी बाबासाहेबांनी सरकारचा पिच्छा पुरवला होता. तुमचे मामंजी तिच्या पहिल्या जवानांतले!" आजींनी पदराने फोटो पुसला आणि सुनेला हाक मारली.

वाचकहो, जुन्या फोटोला ओला फडका लावू नका. मागची बाजूही पाहा. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, क्वचित जवानाचा नंबरही.