पंगत एकच, डाव वेगळा

जयंतीच्या दिवशी वस्तीतलं लेकरू रिकाम्या हातानं घरी येत नाही. 14 एप्रिलला कुणी केक कापतं, कुणी चिक्की वाटतं, मिरवणुकीच्या गाडीवरून गोळ्या-चॉकलेटं येतात. पुढे बुद्धपौर्णिमेला खीरदान. आनंदच आहे. पण ज्या मुलाला शेंगदाणा, काजू, दूध किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, त्याच्या आईचा जीव त्या दिवशी टांगणीला लागतो.

मी वॉर्डात नोकरीला असतानाची गोष्ट. जयंतीच्या रात्री सहा वर्षांचा पोरगा आणला. शेंगदाण्याचा लाडू खाल्ला होता. अंगावर गांधी उठल्या, घरच्यांना वाटलं पित्त उठलं. आमसूल चोळलं. मग उलट्या, आवाज बसला, छातीतून शिट्टी वाजायला लागली. तासाभरानं दवाखाना गाठला. डॉक्टरांनी मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं, पोरगा वाचला. आजी रडत होती, "माझ्याच हातानं भरवला गं सिस्टर." तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या जयंतीला मी त्या वस्तीत गेले. घराला बाहेरून कडी, आणि पोरगा खिडकीतून मिरवणूक बघतोय. घरच्यांची भीती मला कळते, पण हा उपाय मला मान्य नाही. वेगळं ताट, वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. खिरीचा डाव वेगळा ठेवायचा तो काजूचा कण लागू नये म्हणून. पोराला पंगतीतून उठवायचं नाही.

हे काम एकट्या आईचं नाही, जयंती मंडळाचं आहे. वर्गणीच्या बैठकीतच विचारा, कुणाच्या मुलाला काय चालत नाही? खिरीत काजू-बदाम घालायचेच असतील तर वरून घाला. आधी साधी खीर वेगळ्या पातेल्यात काढा. दुधाचीच अ‍ॅलर्जी असेल तर ती खीरही चालणार नाही, त्या मुलासाठी दुसरं काही गोड ठेवा. त्या वस्तीतल्या मंडळानं नंतर चिक्की बंद करून केळी आणि वही-पेन वाटायला सुरुवात केली. कुणाचं काही अडलं नाही.

बंद पाकिटावर दूध, अंडं, गहू, सोया, शेंगदाणा, काजू-बदाम यांची सूचना छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती बहुधा बारीक इंग्रजीत असते, म्हणून कॉलेजातल्या पोरांना वाचायला लावा. सुटी चिक्की, सुटे लाडू यांना पाकीटच नसतं. तिथे मुलाला एवढंच शिकवा, की आईला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. घरी आला की न चालणारा खाऊ घ्या आणि बदल्यात त्याला चालणारा द्या. नुसता काढून घेतला तर पुढच्या वेळी तो लपवून खाईल.

एक मात्र सांगते. नुसत्या संशयावरून शेंगदाणे, अंडी घरातून हद्दपार करू नका. आपल्या घरात स्वस्तातलं प्रथिन तेच आहे. दूध पिऊन पोट फुगणं म्हणजे दर वेळी अ‍ॅलर्जी नव्हे. सरकारी रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवून खात्री करा. आधी जोराचा त्रास झाला असेल तर घरी कोणतं औषध ठेवायचं, तेही त्यांनाच विचारा.

आणि खाल्ल्यावर गांधींबरोबर श्वास लागला, आवाज बसला, ओठ-जीभ सुजली, सारख्या उलट्या झाल्या किंवा मूल गळून गेलं, तर आमसूल शोधत बसू नका. लगेच 108 ला फोन करा. मुलाला आडवं ठेवा, चालवू नका. श्वास लागत असेल तर बसू द्या. सेट्रिझिननं खाज थांबते, श्वास मोकळा होत नाही. त्याला अ‍ॅड्रेनॅलिनच लागतं. इंजेक्शननं बरं वाटलं म्हणून लगेच घरी आणू नका. काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो, डॉक्टर सोडतील तेव्हाच निघा.