गावातलं घर कोणासाठी?

बाईच्या घराचा प्रश्न आपल्या चळवळीनं पुष्कळदा मांडला. ऐंशी-नव्वदच्या दशकांत परित्यक्तांच्या परिषदा भरल्या, मोर्चे निघाले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. तिथं राहणं शक्य नसेल तर पर्यायी जागेचं भाडं नवऱ्यानं भरावं, असा आदेशही कोर्ट देऊ शकतं. पण कोर्टानं भाडं मंजूर केलं आणि गावात भाड्याची खोलीच उरली नसली तर?

रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबाग-मुरूडच्या पट्ट्यात मी गेली नऊ वर्षं काम करते. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबई जवळ आली. आणि माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या तक्रारींत एक नवं वाक्य ऐकू येऊ लागलं: "ताई, मालक म्हणतो खोली खाली कर, आता पाहुणे ठेवायचेत."

हिशोब सरळ आहे. पडवीला लागून असलेल्या दोन खोल्यांचं महिन्याचं भाडं दोन-अडीच हजार. त्याच खोल्यांना फरशी घातली, एसी लावला, मोबाइलवर फोटो टाकले की तेवढे पैसे एका शनिवार-रविवारी सुटतात. मग मालकानं भाडेकरू का ठेवावा? बाकीचे पाच दिवस खोलीला कुलूप असलं तरी त्याचं नुकसान नाही. गावातलं घर पाच दिवस रिकामं, आणि गावातली बाई सातही दिवस बेघर!

या खोल्यांत राहत कोण होतं? नवऱ्यानं टाकलेली, दोन पोरींना घेऊन मासळी विकणारी बाई. माहेरी भावजयीला नकोशी झालेली विधवा. उपकेंद्रातली कंत्राटी नर्स, बदली होऊन आलेली शिक्षिका. सातबाऱ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर ज्यांचं नाव नाही, अशाच बहुतेक जणी. त्यांना लेखी करार नाही, पावती नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातला भाडेकरूला संरक्षण देणारा भाग परिशिष्टात नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो, आणि बहुतेक खेडी त्याबाहेर. म्हणजे "खाली कर" म्हटलं की संपलं. आणि खोली गेली की बाई कुठं जाते? आमच्या अनुभवात, बऱ्याचदा जिथून जीव घेऊन पळाली होती, तिथंच परत. घरभाडं वाढलं, ही म्हणूनच नुसती महागाईची गोष्ट नाही. ती हिंसाचाराची गोष्ट आहे.

कातकरी बायांची अवस्था आणखी वाईट. त्यांच्या कितीतरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. त्या जमिनीला भाव नव्हता तोवर कुणी हटकलं नाही. आता शेजारी पोहण्याच्या तलावाचा बंगला उभा राहिला की वाडीचा रस्ता बंद होतो, मग विहिरीची वाट बंद होते. बंगल्याचा तलाव भरण्यासाठी बोअर खोल जाते आणि उन्हाळ्यात गावची विहीर आटते किंवा मचूळ होते. हंडा घेऊन लांब चालायचं कुणी, हे तुम्हाला सांगायला नको.

यावर हमखास उत्तर येतं: "अहो, पर्यटनानं बायकांनाच रोजगार मिळतो." मिळतो, मी नाकारत नाही. स्वतःच्या राहत्या घरात दोन खोल्या पाहुण्यांना देऊन, घावन-चहा, उकडीचे मोदक करून मुलांना शिकवणाऱ्या बाया माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांच्या विरोधात मी एक शब्द लिहिणार नाही. पण घरात राहून पाहुणा ठेवणं वेगळं आणि मुंबई-पुण्यात बसून गावात चार-पाच बंगले चालवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात आपल्या वाट्याला येतं ते चादरी धुणं, संडास घासणं, रात्री दोनला आलेल्या टोळक्यासाठी भाकऱ्या थापणं. त्यात ना हजेरीपुस्तक, ना किमान वेतन, ना अपरात्रीच्या त्रासाची दाद.

सरकारी कागदांनाही हा फरक माहीत आहे. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत स्थानिकांना आपल्या आहे त्या घरात, त्याचं जोतं आणि दर्शनी रूप न बदलता, पाहुणे ठेवायची मुभा आहे. केंद्राच्या निवास-न्याहारी योजनेत मालकानं त्याच घरात राहणं सक्तीचं आहे आणि खोल्या सहापेक्षा जास्त चालत नाहीत. पण योजनेत यायचं की नाही, हे मालकाच्या मर्जीवर! जो येत नाही त्याला विचारणारं कुणी नाही. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये 'आई' पर्यटन धोरण आणलं, महिला उद्योजकांच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा देऊ केला. चांगलं आहे. पण जिच्या नावावर घरच नाही, ती निवासाचा धंदा कशावर उभा करणार?

आणि घर नावावर का नाही? २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला, सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केलं. पण जमिनीला भाव आला की एरवी वर्षानुवर्षं न बोलावलेल्या बहिणीला अचानक माहेरचं आमंत्रण येतं. साडीचोळी होते, आणि जेवणानंतर हक्कसोडपत्र पुढं येतं. सही केली नाही तर माहेर तुटलं. सही केली की वर्षभरात तिथं गेट लागतं.

हे रोखता येतं. शेजारच्या गोव्यात १९८२ पासून पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा आहे. ब्रिटनमधल्या वेल्सची खेडीही याच दुखण्यानं बेजार. तिथं ऑक्टोबर २०२२ मध्ये नियोजनाच्या नियमांत राहतं घर, दुसरं घर आणि पर्यटकांना अल्पमुदतीनं दिलेलं घर असे तीन वेगळे वर्ग केले गेले. बार्सिलोना शहरानं तर २०२४ मध्ये जाहीर केलं की सुमारे दहा हजार पर्यटक-सदनिकांचे परवाने २०२८ नंतर नूतनीकरण होणार नाहीत. तिथं जमतं ते इथं का जमू नये? म्हणून आपल्या मागण्या अशा:

१. पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराची ग्रामपंचायतीत नोंदणी सक्तीची करा. नोंदणी क्रमांकाशिवाय मोबाइलवर जाहिरात नको.

२. मालक राहतो ते घर आणि नुसता धंद्याचा बंगला यांत कायद्यानं भेद करा. पहिल्याला सवलत, दुसऱ्याला व्यापारी कर, पाणीपट्टी आणि संख्येची मर्यादा.

३. त्या करातून गावठाणात एकल महिलांसाठी भाड्याची घरं बांधा.

४. कातकरी वाड्यांच्या घराखालच्या जागा त्यांच्या नावावर करा, पतिपत्नी दोघांच्या. एकल बाई असेल तर तिच्या एकटीच्या.

५. हक्कसोडपत्र नोंदवण्यापूर्वी बहिणीला एकटीला बोलावून तिचा हक्क समजावून सांगणं बंधनकारक करा.

मैत्रिणींनो, २०११ पासून ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा आपल्या आहेत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानं सक्तीचं आहे. बहुतेक गावांत ती रजिस्टरवरच भरते, सह्या घरोघर फिरतात. येत्या वेळी ती खरोखर भरवा आणि एकच प्रश्न विचारा: आपल्या गावात कुलूपबंद घरं किती, आणि घर नसलेल्या बाया किती? दोन्ही याद्या आपणच करू. फळ्यावर शेजारी शेजारी लिहू. मग सरपंचांना, तहसीलदारांना उत्तर द्यावंच लागेल.