कचरा म्हणाल तर भाव शून्य!



पऱ्हाटी, तुराट्या, पाचट, कुटार. सरकारी कागदावर या सगळ्यांना एकच नाव : शेतीतला कचरा. एकदा कचरा म्हटले की भाव शून्य. आता याच कचऱ्याचे इथेनॉल स्वस्त करायचे आहे, आणि पहिली सुरी फिरते ती काडाच्या भावावर.

हिशेब मांडू. १० ऑगस्ट २०२२ रोजी पानिपतला इंडियन ऑईलच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. खर्च ९०० कोटींवर. वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा, त्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी योजना. म्हणजे टनाला १५० लिटर. पेंढ्याला किलोमागे रुपया जास्त दिला, तर लिटर सुमारे पावणेसात रुपयांनी महागते. हे आम्ही लपवत नाही.

पण खरा खर्च कुठे आहे? पेंढ्यातले सेल्युलोज लिग्निनच्या कुलपात बंद असते. कुलूप तोडायला वाफ आणि आम्ल, साखर सुटी करायला महागडी एन्झाइम. शिवाय हेमिसेल्युलोजमधली बरीचशी साखर साधे यीस्ट आंबवतच नाही. ती आंबवणारे यीस्ट वापरा, एन्झाइम कारखान्यातच तयार करा, उरलेले लिग्निन बॉयलरला घाला. टनाला २०० लिटर निघाले, तर तोच जादा रुपया लिटरवर पाचच रुपये पडतो. कसोटी तंत्रज्ञानाची आहे, आमच्या खिशाची नाही.

पऱ्हाटी उपटायला मजूर लागतो, वाहायला गाडी लागते. गाडी भरते, वजन भरत नाही. मग गावातच कुट्टी करून गठ्ठे बांधा. डिझेल वाचेल, मजुरी गावात राहील.

आणि धोरण? ७ डिसेंबर २०२३ ला एका आदेशाने उसाच्या रसाचे इथेनॉल अडवले, त्याच महिन्यात थोडे सैल केले, ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी मोकळे केले. एका कागदावर उघडझाप होणाऱ्या धंद्याला स्वस्त कर्ज कोण देईल? तो बोजाही शेवटी काडाच्या भावातूनच वसूल होणार.

आमचे म्हणणे सरळ आहे. कचरा म्हणू नका, भाव बोला. परवडला तर देऊ; नाही तर आमच्याच रानात कुजवू, जमिनीला खत होईल.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येकाने पऱ्हाटी उपटण्याचा आणि वाहण्याचा एकरी खर्च लिहून आणावा. बोलणी त्या आकड्यापासून सुरू होतील, शून्यापासून नाही.