एका वाड्यांतले अनेक वाडे

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज एखादा मुलगा, सून किंवा पुतण्या मोठ्या कंपनीच्या ‘नेटवर्क’च्या कामावर आहे. तेथें नेमकें काय करतोस, असें विचारलें तर ‘तुम्हांला नाहीं समजायचें’ हें उत्तर बहुधा ठरलेलें. आम्हांस हें उत्तर मान्य नाहीं. आपली बँकेंतील ठेव, इस्पितळांतील प्रकृतीचीं टिपणें आणि मुलांचे परीक्षेचे गुण ज्या जाळ्यांतून रोज ये-जा करितात, तें जाळें कसें बांधितात व कशानें फुटतें, हें वडील मंडळींस ठाऊक असलेंच पाहिजे. आणि तें समजण्यास वाड्यांत राहिल्याचा अनुभव पुरेसा आहे.

प्रथम जाळें फुटल्यानें काय होतें तें पाहूं. २७ जून २०१७ रोजीं युक्रेन देशांत ‘नॉटपेट्या’ नांवाचा विध्वंसक प्रोग्राम पसरला. तेथील एका कर-हिशेबाच्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीबरोबर तो घरोघर पोंचला होता. डेन्मार्कच्या ‘मर्स्क’ या जहाजकंपनीचा युक्रेनमध्यें कारभार होता. तिच्या जाळ्यांत एके ठिकाणीं शिरलेला हा रोग कांहीं तासांतच जगभर फैलावला, आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या बंदरांत त्याच समूहाकडून चालविला जाणारा धक्काही थंडावला. कंपनीस सुमारें ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें उभे करावे लागले. तोट्याचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलरांचा होता. सर्व जाळ्याची ओळखवही सांभाळणाऱ्या तिच्या सर्व्हरांपैकीं घाना देशांतील एकच वांचला, व तोही तेथील वीज त्या वेळीं गेली होती म्हणून! युक्रेनमधील ठिणगीनें उरणचा धक्का कां थांबावा? कारण इतकेंच कीं, मधल्या भिंती पुरेशा नव्हत्या. ओसरीवर आलेला मनुष्य थेट कोठीपर्यंत चालत जाऊं शकत होता.

तर मग भिंती बांधाव्या कशा? पूर्वीं प्रत्येक खात्यास निराळी तार व निराळें स्विच देत. हें खर्चाचें व अवजड काम होतें. १९९८ सालीं ‘आय-ट्रिपल-ई’ या अभियंत्यांच्या संस्थेनें ‘८०२.१क्यू’ नांवाचें मानक प्रसिद्ध केलें. त्यांतील युक्ति सोपी आहे. तार एकच, पण तीवरून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर १२ बिटांचा एक क्रमांक घालावयाचा. हिशेबखात्याचें पुडकें हिशेबखात्यांतच उघडेल, कोठारांत नाहीं. १२ बिटांत ४,०९६ क्रमांक बसतात. दोन राखून ठेविले असतां ४,०९४ खोल्या होतात. मोठ्या संगणककेंद्रांस त्याही अपुऱ्या पडूं लागल्या, तेव्हां २०१४ सालीं ‘व्हीएक्सलॅन’ ही २४ बिटांची पद्धति प्रसिद्ध झाली. तिच्यांत १,६७,७७,२१६ क्रमांक मावतात. सर्व्हरांचीही तीच रीत. ‘हायपरवायझर’ नांवाचा व्यवस्थापक प्रोग्राम एकाच यंत्राच्या पोटांत अनेक आभासी सर्व्हर नांदवितो, आणि प्रत्येकास वाटतें कीं सगळा वाडा आपलाच.

वेदान्ताची ज्यांना ओळख आहे त्यांना येथें घटाकाश-मठाकाशाचा दृष्टांत आठवल्यावांचून राहणार नाहीं. आकाश एकच, घटाच्या उपाधीमुळें तें वेगळें भासतें. मात्र एक भेद लक्षांत ठेविला पाहिजे. वेदान्तांतला घट फुटला तर आकाशाचें कांहींच बिघडत नाहीं. येथला फुटला तर एकाचें गुपित दुसऱ्याच्या हातीं जातें. शिवाय हा घट मातीचा नसून लिहिलेल्या आज्ञांचा आहे. एखाद्या कारकुनी चुकीनें दोन खोल्या एक होतात व बाहेरून कोणास दिसतही नाहीं. पुडक्यावर क्रमांक घातला म्हणजे तें मोहोरबंद झालें, हीही समजूत खोटी. व्हीएक्सलॅन स्वतः कांहींच गुप्त करीत नाहीं. गुप्तलेखनाची सोय निराळी करावी लागते. पडदा म्हणजे भिंत नव्हे, हें आपल्या माजघरांस पूर्वींपासून ठाऊक आहे.

दुसरी अडचण देवडीची. पहारेकरी देवडीवर बसतो, म्हणून बाहेरून येणारा त्याच्या नजरेंतून जातो. परंतु एकाच यंत्रांतील दोन आभासी सर्व्हर परस्परांशीं बोलूं लागले, तर तें बोलणें त्या यंत्राबाहेर पडतच नाहीं. देवडीवरच्या फायरवॉलला त्याची गंधवार्ताही नसते. या शास्त्रांतील लोक बाहेरच्या वाहतुकीस ‘उत्तर-दक्षिण’ व आंतल्या वाहतुकीस ‘पूर्व-पश्चिम’ म्हणतात. चोर एकदां आंत आला कीं पूर्व-पश्चिमच हिंडतो. म्हणून आतां प्रत्येक आभासी सर्व्हरच्या उंबऱ्याशींच एक लहान पहारा बसवितात.

पहारेकऱ्यास हुकूम काय द्यावा, याचें उत्तर व्याकरणाच्या विद्यार्थ्यास चटकन् उमजेल. तेथें उत्सर्ग आणि अपवाद असतात. जाळ्याच्या रचनेंत ‘कोणीही कोणाशीं बोलूं नये’ हा उत्सर्ग ठरवावा, आणि ‘पगारखात्याचा सर्व्हर बँकेच्या सर्व्हराशीं अमुक मार्गानें बोलेल’ असे मोजके अपवाद लिहावे. पाणिनीच्या व्याकरणांत दोन तुल्यबल सूत्रांचा विरोध आला तर नंतरचें सूत्र बलवान. फायरवॉलच्या यादींत बहुधा वरचा नियम आधीं लागतो व तेथेंच निकाल होतो. म्हणून क्रम चुकला कीं सगळा अर्थ पालटतो. पण हें लिहिण्यापूर्वीं कोण कोणाशीं कशासाठीं बोलतो याची खरी यादी हातीं हवी. ही यादी करण्याचा आळस हेंच पुष्कळ संस्थांच्या दुर्दशेचें मूळ होय. यादी नसली म्हणजे काम अडतें. काम अडलें म्हणजे साहेब रागावतात. साहेब रागावले म्हणजे ‘तूर्त सर्वांस मोकळीक’ असा एक नियम अगदीं वर लिहिला जातो, आणि तें तूर्त वर्षानुवर्षें टिकतें!

आणखी दोन गोष्टी. हायपरवायझरवर हुकमत चालविण्याची वाट इतर सर्व वाटांपासून अगदीं अलग ठेवावी. कारण ती ज्याच्या हातीं गेली, त्याच्या हातीं सगळेच वाडे गेले. आणि दप्तराची एक नक्कल अशा जागीं असावी कीं, चालू जाळ्यांतून तेथपर्यंत कोणाचाच हात पोंचूं नये. घानाची वीज वेळेवर जाईल, या भरंवशावर संस्था चालवितां येत नाहीं.

२०१० सालीं जॉन किंडरव्हाग या अमेरिकन अभ्यासकानें या विचारास ‘झीरो ट्रस्ट’ हें नांव दिलें, व २०२० सालीं अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकसंस्थेनें त्यावर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. आंत आहे म्हणून आपला, असें न मानतां प्रत्येक मागणीची शहानिशा करावी, हें त्याचें सार. विश्वासावर उभ्या असलेल्या एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांच्या कानांस हा शब्द बोंचतो, हें आम्ही जाणतों. माणसांवर असा अविश्वास दाखवून काम कसें चालावें, असा प्रश्न रास्तच आहे. पण आम्हांस उलट वाटतें. सार्वजनिक निधीचा प्रामाणिक खजिनदार हिशेबतपासणीस अपमान समजत नाहीं. तो ती मागून घेतो. ज्याच्या हातीं कोठीची किल्लीच नाहीं, त्याच्यावर कोठीच्या चोरीचा आळ येत नाहीं. भिंती नसलेल्या जाळ्यांत एखाद्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीनें चुकून फसवें पत्र उघडलें, तर सारी संस्था बुडते आणि दोष तिच्या माथीं बसतो. खरा दोष, तिचा एक चुकलेला स्पर्श तिजोरीपर्यंत पोंचूं देणाऱ्या रचनेचा असतो. मनुष्य चुकणार, हें गृहीत धरून जी व्यवस्था रचिली जाते तीच मनुष्यावर खरी दया करिते.

आपल्यापैकीं अनेकजण सहकारी बँकेचे सभासद आहेत. वार्षिक सभेंत लाभांशाविषयीं आपण हटकून विचारतों. यंदा तीन प्रश्न आणखी विचारावे: एका शाखेंतला संगणक बिघडला तर रोग किती दूर जाईल? कोणास कोठवर जातां येतें, ही यादी शेवटीं केव्हां तपासली? आणि दप्तराची वेगळी ठेविलेली नक्कल परत उभी करून कोणी पाहिली आहे काय? उत्तर देतांना अधिकारी अडखळले, तरी सभेचा वेळ वायां गेला असें समजूं नये.