सिद्धगडाचे भाई

शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला आलात आणि तसेच पुढे म्हसा, नारिवलीकडे निघालात, की समोर सह्याद्रीची भिंतच उभी राहते. तिथेच आहे सिद्धगड. दर २ जानेवारीला तिथे माणसं जमतात. तुमच्यापैकी काहीजण गेलेही असतील.

१९४३ साली याच दिवशी इंग्रजांच्या पोलिसांनी इथल्या जंगलात गोळीबार केला. त्यात दोघे वीर हुतात्मा झाले. एक विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि दुसरे हिराजी गोमाजी पाटील. भाईंचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा. म्हणजे वय किती झालं, करा पाहू हिशेब!

भाई म्हटलं की सगळ्यांना आठवतात ते विजेचे मनोरे. १९४२ च्या 'चले जाव' चळवळीत ते भूमिगत झाले. मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे ज्या विजेवर चालत, तिचे ११ मनोरे त्यांच्या दस्त्याने सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान पाडले. सरकारने त्यांच्यावर बक्षीस लावलं. गोष्ट थरारक खरीच, तिच्यावर २०२० साली सिनेमासुद्धा आला. पण मला विचाराल तर भाई कळतात ते त्याआधीच्या कामातून.

माथेरानच्या एका गरीब नाभिक घरातला हा मुलगा शिकून वकील झाला. काळा कोट घालून शहरात पैसा मिळवता आला असता की नाही? भाई वळले खेड्यांकडे. पावसाळ्यात शेतकऱ्याच्या घरातलं भात संपायचं. मग सावकाराकडून 'वाढीदिढी'ने आणायचं. म्हणजे चार मण घेतलं तर सुगीला सहा मण परत! तेवढं जमलं नाही, तर पुढच्या वर्षी सहाचे नऊ. असं करता करता जमीनच सावकाराच्या घशात जायची. भाईंनी यावर उपाय काढला तो धान्यकोठीचा. गावाचं धान्य गावातच साठवायचं आणि अडल्यानडल्याला द्यायचं. ज्यांना शाळेची पायरी चढू देत नसत, त्यांच्या पोरांसाठी त्यांनी शाळाही काढल्या. शिकवायला कोण? गावोगावचे तरुणच.

आता गंमत बघा. भाईंच्या दस्त्यात पन्नासेक जण होते. त्यांत लष्करात शिकून आलेले नव्हते, होते ते शेतकरी आणि याच शाळांचे मास्तर! सरकारच्या बक्षिसाला न भुलता ही माणसं महिनोन्‌महिने भाईंबरोबर रानात का राहिली असतील, हे आता वेगळं सांगायला नको.

यंदा सिद्धगडाला जाणार असाल तर आधी घरातल्या आजी-आजोबांना 'वाढीदिढी' म्हणजे काय ते विचारा. मुरबाड-शहापूरकडच्या जुन्या माणसांना हा शब्द ठाऊक असेल. किती मणांचे किती झाले होते, तेही वहीत लिहून घ्या.