साक्षीदाराची उपेक्षा

फौजदारी न्यायालयांत न्यायाधीश, सरकारी वकील, आरोपी व त्याचा वकील या सर्वांस आपापलें स्थान आहे. स्थान नाहीं तें एका साक्षीदारास. पोलिसांनीं दोषारोपपत्र रुजू केलें, न्यायाधीशानें आरोप ठेवला व आरोपीनें तो नाकबूल केला, म्हणजे पुढील सारी भिस्त बहुधा साक्षीदाराच्या शब्दावर असते. सरतपास, उलटतपास व फेरतपास यांतून टिकलेली साक्ष हाच निकालाचा मुख्य आधार. असें असतां तो मनुष्य दुकान बंद ठेवून वा रोजावर पाणी सोडून व्हरांड्यांत पुकाऱ्याची वाट पाहत बसतो, आणि सायंकाळीं पुढील तारीख ऐकून घरीं परततो!

कायद्यांत याचा बंदोबस्त नाहीं, असें कोणीं समजूं नये. साक्षीदार हजर असतां विशेष कारण लेखी नमूद केल्यावांचून काम तहकूब करूं नये, हा १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंतील नियम १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंतही कायम आहे. साक्षीदारास सरकारांतून वाजवी खर्च देवविण्याचा अधिकारही न्यायालयास आहे. परंतु औषध कपाटांत ठेवून रोग हटत नाहीं. साक्षीदार थकून जाईपर्यंत तारखा घेण्याची चालच पडली आहे, अशी खंत खुद्द सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं व्यक्त केली.

त्रासाहून भय वाईट. वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी खटल्यांत साक्षीदारांनीं जबान्या फिरविल्या व २००३ सालीं सर्व २१ आरोपी सुटले. पुढील वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें तो खटला महाराष्ट्रांत नव्यानें चालविण्याचा हुकूम केला. २००६ सालीं मुंबईंत नऊ जण दोषी ठरले. त्यांपैकीं चौघांची शिक्षा २०१२ सालीं उच्च न्यायालयांतही कायम राहिली. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं मंजूर केली. ती कागदावरच राहूं नये.

आरोपीच्या उलटतपासाच्या हक्कास यत्किंचितही धक्का लागावा, असें आमचें म्हणणें नाहीं; निरपराध्याचें तें कवच आहे. आम्ही मागतों तें इतकेंच कीं, आलेल्या साक्षीदाराची साक्ष त्याच दिवशीं व्हावी, खर्च हातीं पडावा आणि बसावयास बाक मिळावें.

आमच्या वाचकांसही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. आपलें दुकान फुटलें म्हणजे साक्षीदार पुढें यावा, असें प्रत्येक व्यापाऱ्यास वाटतें. शेजाऱ्याचें फुटलें म्हणजे ‘आम्हीं कांहीं पाहिलें नाहीं’ असें म्हणणारेही आपणच. सरकारचा दोष सरकारच्या पदरीं घालावाच. हा मात्र आपला आपणच निस्तरला पाहिजे.