‘झेपेल तेवढंच कर’ हे ठरवणार कोण?



‘झेपेल तेवढंच कर गं बाई’ हे वाक्य कधीच ऐकलं नाही अशी बाई महाराष्ट्रात सापडायची नाही. शिकायला निघालेल्या मुलीला ते ऐकवतात, संघटनेच्या कामाला निघालेल्या सुनेला ऐकवतात. सूर मायेचा असतो, त्यामुळे उलट बोलायचीही पंचाईत. गेल्या उन्हाळ्यात आलापल्लीत हे वाक्य मी नववीतल्या एका मुलीच्या तोंडून ऐकलं. तिला कुणी तसं म्हटलं नव्हतं. ती स्वतःच स्वतःला म्हणत होती.

शाळेच्या मैदानात एका जाड फांदीला दोर बांधून दोरीचा मल्लखांब शिकवला जात होता. सुरुवातीला चौदा मुली होत्या, दोन वर्षांत पाच उरल्या. ही मुलगी त्यांतली सगळ्यांत चपळ. आणि आता तीही येत नव्हती. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “सातवीत होती तेव्हा जमत होतं ताई. आता मले नाही जमत. जेवढं झेपते तेवढंच करावं ना माणसानं!” शाळेतले एक गुरुजी शेजारीच उभे होते. त्यांनी निकाल देऊन टाकला, “मुलींत जिद्दच नसते हो. चार दिवस उत्साह, मग बंद.”

मुलगी म्हणते झेपत नाही, गुरुजी म्हणतात जिद्द नाही. दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे : दोष मुलीचा. माझं भांडण या एकमताशी आहे.

आधी थोडं या खेळाविषयी आणि या गावाविषयी. आलापल्ली म्हणजे साग. गावापासून भामरागडच्या रस्त्याला लागलं की वनवैभव लागतं. शंभर शंभर फुटांच्या पुढे गेलेले जुने साग तिथे राखून ठेवले आहेत. इथल्या डेपोतून सागाचे लठ्ठे देशभर जातात. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी या भागातलं लाकूड वाजतगाजत गेलं. आणि मल्लखांब कशाचा करतात? सागाचा किंवा शिसवीचा. जमिनीवर आठ-साडेआठ फूट, खाली जाड, वर निमुळता, शेंड्याला बोंड, सगळ्या अंगाला एरंडेल. म्हणजे खांबाचं लाकूड या जंगलातलं. पण त्या खांबाला हात लावायला मिळावा म्हणून इथल्या मुलीला जिल्ह्याचं ठिकाण गाठायचं तर शंभराहून जास्त किलोमीटर जावं लागतं.

मल्लखांबाचं पुनरुज्जीवन पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी केलं असं परंपरा सांगते. विदर्भालाही तो परका नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६ साली थेट बर्लिनला जाऊन आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. झाशीची राणी लहानपणी बिठूरला मल्लखांब करत असे, ही कथा तर प्रत्येक भाषणात असते. पण राणीचं नाव घेणाऱ्यांनी पुढे मुलींसाठी नियम काय केला? पुरता खांब मुलग्यांना, दोरी मुलींना. कारण उघड बोलायचं नाही, पण सगळ्यांना माहीत : खांब मांड्यांमध्ये पकडावा लागतो. मुलीनं तसं करणं ‘बरं दिसत नाही’. मग त्या न दिसण्याला शास्त्राचा मुलामा दिला, की मुलींच्या शरीराला दोरीच झेपते. वास्तविक दोरी काही सोपी नव्हे. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत सगळं वजन तोलायचं असतं, कातडी सोलून निघते. पण अवघड असणं चालतं, अब्रूला धक्का लागणं चालत नाही! आता मुलींच्या स्पर्धांत पुरता खांबही आला आहे. मुलींची शरीरं मधल्या काळात बदलली का? बदलली ती आपली नजर, आणि तीही थोडीशीच.

हीच नजर शहरातही भेटते. मुंबई-पुण्यात पोलादी खांबावरच्या नाचाचे, पोल डान्सचे वर्ग चालतात. त्यात लागते तीच ताकद, तोच तोल. २०१७ साली आंतरराष्ट्रीय क्रीडा संघटनांच्या महासंघानं त्याला निरीक्षक दर्जासुद्धा दिला. तरी ते शिकणारी मुलगी घरी सांगताना ‘फिटनेस क्लास’ म्हणते, कारण खांब आणि बाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बार उभा राहतो. याच समाजानं २००५ साली बारमध्ये नाचणाऱ्या बायकांच्या पोटावर बंदी आणली होती. ती न्यायालयात टिकली नाही, पण २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत किती जणींची वाताहत झाली हे आपण विसरलेलो नाही. कपड्यांचंही तेच. खांबावर कापड घसरतं आणि कातडी पकडते. मुलगा लंगोट लावून चढला तर ती परंपरा, मुलगी आखूड कपड्यात चढली तर तो तमाशा. पायघोळ सलवारीत खांब करायला लावायचा आणि पकड सुटली की म्हणायचं, झेपत नाही!

आता त्या मुलीकडे वळू. सातवीत जमत होतं ते नववीत का जमेना? तिला वाटतं आपण बिघडलो. खरं कारण कुणी सांगितलेलंच नाही. बारा ते चौदा या वयात मुलीची उंची झपाट्यानं वाढते, वजन वाढतं, कमरेखालचा भार वाढतो, हातपाय लांब होतात. हाताखांद्यांची ताकद त्याच वेगानं वाढत नाही. शरीराचा तोलबिंदू सरकतो आणि काल बसणारी अढी आज सुटते. हे प्रत्येक मुलीचं होतं, अगदी पदकं जिंकणाऱ्यांचंही. जाणती प्रशिक्षक असेल तर या काळात नवी आसनं थांबवते, पुन्हा लोंबकळणं, चढणं, साध्या पकडी यांवर येते आणि मुलीला बजावते की हे वर्षभराचं काम आहे, घाबरू नको. आपल्याकडे नेमकं याच वयात घरचे म्हणतात, आता मोठी झालीस, पुरे. शरीर जरा अडतं तिथेच समाज दार लावतो. आणि मुलगी समजते, आपल्यात जिद्द नव्हती.

दुसरं कारण रक्तातलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या दर शंभर मुलींत एकोणसाठ मुली रक्तक्षय झालेल्या निघाल्या. त्यात गडचिरोली-चंद्रपूर हा सिकलसेलचा पट्टा. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलीला उन्हातान्हात, पाणी न पिता दमवलं तर वेदनांचा झटका येऊ शकतो. तिनं काय करावं आणि किती करावं, हे डॉक्टरांना विचारूनच ठरलं पाहिजे. जी नुसती वाहक आहे ती सहसा सगळं करू शकते, पाणी आणि विश्रांती मात्र सांभाळावी लागते. सरकारनं २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. मग मैदानावर उतरण्याआधी प्रत्येक मुलीची तपासणी का होऊ नये? धाप लागलेल्या मुलीला ‘मन लावून कर’ असं सांगणं म्हणजे निव्वळ अज्ञान आहे, आणि ते महागात पडू शकतं.

तिसरं कारण वेळेचं. पहाटे पाणी, मग शाळा, संध्याकाळी धाकटी भावंडं, मोहाच्या दिवसांत मोहफुलं, तेंदूच्या हंगामात पानं. आसपासच्या कित्येक गावांत पाळीचे चार-पाच दिवस कुर्माघरात. भावाला संध्याकाळी मैदान असतं, बहिणीला चूल. महिन्यातले दहा दिवस जिचा सराव बुडतो, तिच्याकडून रोज येणाऱ्याइतकी प्रगती मागायची आणि ती झाली नाही की उत्साह कमी पडला म्हणायचं, हा हिशेब कुठला?

म्हणून ‘वास्तववादी ध्येय’ या गोड शब्दापासून मी मुलींना सावध करते. ध्येय वास्तवाला धरून असावं हे शंभर टक्के खरं. अंगात ताकद आल्याशिवाय उड्या मारणं म्हणजे मनगट मोडून घेणं. पण वास्तव कुणाचं मोजायचं? मुलीच्या स्नायूंचं मोजा, रक्ताचं मोजा, तिच्या झोपेचं मोजा. तिच्या मापात लोकांची लाज मिसळू नका.

त्या पाच जणींबरोबर बसून आम्ही एक साधी रीत ठरवली, ती इथे देते. प्रत्येकीची एक वही. आज दोरीला किती सेकंद लोंबकळले, किती वर चढले, उजव्या बाजूची पकड किती टिकली, डाव्या बाजूची किती. तुलना फक्त स्वतःच्या मागच्या महिन्याशी. ध्येय एका महिन्याचं, आणि तेही मोजता येईल असं : बारा सेकंदांचे पंधरा, किंवा डावी बाजू उजवीइतकी. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. आजारपणानंतर किंवा खाडा पडल्यावर आधीच्या निम्म्यापासून सुरुवात, त्यात कमीपणा नाही. पाळीत जिला करावंसं वाटेल तिनं करावं, नको वाटेल तिनं करू नये, ठरवणार ती.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं : ध्येय खाली आणायचं असेल तर शेजारी कारण लिहायचं. कारण शरीराचं असेल – दुखापत, ताप, अशक्तपणा – तर ध्येय खाली आणायचं आणि उपचार करायचे. कारण बाहेरचं असेल – गादी नाही, दोर झिजला, बाई प्रशिक्षक नाही, घरून सोडत नाहीत – तर ध्येयाला हात लावायचा नाही. त्या कारणाची मागणी करायची, अर्ज करायचा, पालकसभेत उभं राहून बोलायचं. पहिल्या महिन्यात पाच वह्यांत सतरा कारणं जमली. त्यांतली शरीराची होती फक्त चार. जिद्द नसल्याचं एकही नाही.

काही कार्यकर्ते मित्र विचारतील, जिथे रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकांची रांग लागलेली आहे, जंगल आणि जमिनीचे प्रश्न पेटलेले आहेत, तिथे तुम्ही मल्लखांब काय घेऊन बसलात? त्यांना माझं उत्तर असं, की स्वतःच्या शरीरावर भरवसा नसलेली बाई ग्रामसभेत किती वेळ उभी राहील? माडिया मुली रात्र रात्र हातात हात घालून रेला नाचतात. त्या शरीराला लाज माहीत नव्हती, ती आपल्या शाळांनी आणि आपल्या ‘सुधारलेल्या’ वस्त्यांनी शिकवली. ती काढून टाकायचं कामही आपलंच.

आणि हे होऊ शकतं याचा पुरावा लांब नाही. भामरागडच्या पलीकडे, अबुजमाडच्या डोंगरांमागे छत्तीसगडमधलं नारायणपूर आहे. तिथे पोलीस दलातले मनोज प्रसाद अबुजमाडच्या आदिवासी मुलामुलींना मल्लखांब शिकवतात. २०२३ साली त्यांच्या संघानं ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ जिंकलं. जंगल तेच, दारिद्र्य तेच. फरक एवढाच, की तिथे खांब रोवला गेला, राहायची-खायची सोय झाली आणि शिकवणारा रोज हजर राहिला. २०२१ चा अर्जुन पुरस्कार मल्लखांबातल्या हिमानी परब हिला मिळाला. मल्लखांबाला मिळालेला हा पहिलाच अर्जुन, आणि तो मिळवला मुलीनं. तिच्यामागे दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराची अनेक वर्षांची शिस्त आहे. जिद्द दोघींकडे असते, दादरच्या मुलीकडेही आणि आलापल्लीच्या मुलीकडेही. व्यायाममंदिर एकीकडेच असतं.

तरी मला प्रत्येक मुलीच्या गळ्यात पदक नको आहे. एखादीला स्पर्धा जिंकायची असेल. एखादीला फक्त दोरीच्या टोकाला पोचून वरून मैदान बघायचं असेल. दोन्ही ध्येयं सारखीच मोठी आहेत, अट एकच : ती तिची असावीत.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक आश्रमशाळेत आणि मुलींच्या वसतिगृहात एक खांब आणि एक दोर, खाली जाड गाद्या. शिकवायला बाई, आणि तिला वेळेवर मानधन. सरावाआधी रक्ताची आणि सिकलसेलची तपासणी, सरावानंतर पोटभर खाणं. पोशाख खेळाला सोयीचा, आणि त्यावर कुणी शेरा मारला तर बोलणी त्याला, मुलीला नाही. डेपोतून एवढे लठ्ठे बाहेर जातात, त्यांतले काही इथेच राहिले तर जंगलाचं काही बिघडणार नाही.

ती नववीतली मुलगी आता दहावीत गेली आहे. महिन्यापूर्वी पुन्हा यायला लागली. पहिल्या दिवशी नऊ सेकंद लोंबकळली, सातवीत चाळीस असायचे. वहीत नऊ लिहिले. शेजारच्या रकान्यात कारण लिहिलं : ‘एक वर्ष मैदान सुटलं होतं.’ मग पेन थोडा वेळ तसाच धरून पुढे लिहिलं, ‘कोणी बोलावलं नाही.’

तुमच्या गावातल्या मुलींच्या वहीत कोणती कारणं निघतात, ते विचारा आणि आम्हाला लिहून पाठवा.